दारातली आडवी काठी

पेर पहिले

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, काठी म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या काहींनी हात पाठीमागे नेले असतील. नेऊ नका. मी कपडे वाळत घालायची काठी आहे. निदान जन्मले तरी त्यासाठीच.

म्हैसूरच्या बांबू बाजारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हिरवट होते. अंगात अजून रानातलं पाणी होतं. दुकानदाराने मला विस्तवावर फिरवून सरळ केलं आणि टोकाला एक खाच पाडली. मग एक बाई आल्या. त्यांनी मला हवेत धरलं, एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर फिरवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "स्वल्प वाकडी आहे की हो."

"घे. आपलं छत कुठं सरळ आहे?" नवरा म्हणाला.

त्या नर्मदाबाई आणि ते जगन्नाथराव. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी घर. बोलता बोलता मराठीतून कन्नडात कधी शिरले, हे त्यांचं त्यांनाही कळत नाही.

बांबू आतून सलग नसतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. एक पेर, मग गाठ, मग दुसरं पेर. प्रत्येक पेर म्हणजे बंद खोली. म्हणून माझी गोष्टही सलग येणार नाही. सांभाळून घ्या.

पेर दुसरे

त्या घरात मला मडीकोलू म्हणतात. महाराष्ट्रातले लोक ज्याला सोवळं म्हणतात, तीच इथली मडी, आणि कोलू म्हणजे काठी. नर्मदाबाई रोज धुतलेलं लुगडं माझ्या टोकावर घेऊन छताजवळच्या उंच दांडीवर पसरायच्या. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली की माझ्याच टोकाने ते खाली घेऊन नेसायच्या. त्यानंतर पूजा आणि नैवेद्याचा स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा आंघोळ.

दुपारच्या उन्हात ती खोली मला फार आवडायची. वर लुगडी पसरलेली असत, जांभळी, हिरवी, मोरपंखी. वाऱ्याने ती हलली की फरशीवर रंगीत सावल्या पोहू लागत. मी कोपऱ्यात उभी. मला वाटे, मी पुन्हा रानात आहे आणि वरती कुणाचं तरी आभाळ वाळत घातलंय.

शेजारणी येऊन मला उचलून बघायच्या. "किती हलकी गं!" म्हणायच्या. पुढे घर म्हैसूरच्याच बोगादी भागात आलं. तिथे सगळ्यांकडे घडीचे लोखंडी स्टँड. तरी नर्मदाबाईंनी मला रिक्षाच्या टपावर बांधून आणलं. त्या दिवशी मी राजासारखी आले.

पेर तिसरे

त्यांना उशिरा एक मुलगा झाला. प्रणेश.

प्रणेशला शब्द आले नाहीत. त्याच्याजवळ एक गुणगुण आहे, आणि ती ऐकून त्याला बरं वाटतंय की नाही एवढं कळतं. लहानपणी तो ओल्या लुगड्यांच्या खाली उताणा पडायचा. कपाळावर थेंब पडला की हसायचा. त्याला शिवायला आवडतं. हलका स्पर्श नको, दाबून हवा. भिंतीला गाल लावेल, तांदळाच्या पोत्याला मिठी मारेल. एकदा तलकाडला नेलं होतं, तर वाळूत गुडघ्यापर्यंत पाय पुरून तासभर बसला. देवळं बघायची सोडून आई-बाप त्याच्याकडेच बघत राहिले, असं नर्मदाबाई अजून सांगतात.

लहान मूल उघडंनागडं आईला बिलगलं तर त्याचा विटाळ धरत नाहीत. त्यामुळे सकाळच्या वेळी आई मडीत असली तरी प्रणेश तिच्या मांडीवर. आठव्या वर्षी त्याची मुंज झाली आणि ती सूट संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा हात पुढे करून आला आणि नर्मदाबाई मागे सरकल्या.

"मुट्टबेडा, कंदा." शिवू नकोस, बाळा.

तो पुन्हा आला. त्या पुन्हा सरकल्या. तेव्हा त्याने स्वतःचं मनगट तोंडात घेतलं आणि चावलं.

नर्मदाबाईंनी हातातली पळी टाकली आणि त्याला कवटाळलं.

मी कोपऱ्यातून हे पाहिलं. पण काठीला कोण विचारतं?

गाठ

प्रणेश आठचा होता, सत्तावीसचा झाला. चावणं राहिलं. डोकं भिंतीवर आपटणं आलं. कुणी विचारलं की नर्मदाबाई म्हणत, "सुम्ने हो. काही कारण नाही. एकदम येतं त्याला." सुम्ने म्हणजे उगाच.

तो उंच झाला, जड झाला. काही दिवशी नर्मदाबाईंना चार चार वेळा न्हावं लागे. मग एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात आडवी लावली. एक टोक खिडकीच्या गजात, दुसरं शेल्फावर. मी आडवी, त्या आत, तो बाहेर.

लुगडी उचलताना मी कधी थकले नव्हते. आडवं राहून थकले.

एकदा तो मला ढकलून आत शिरला. आत पाणी सांडलेलं होतं. नर्मदाबाई पडल्या आणि त्यांचा डावा हात मोडला.

पेर चौथे (हे चिरलेलं आहे)

सकाळ होती. नर्मदाबाईंचा हात गळ्यात बांधलेला. प्रणेश दारात आला आणि

जगन्नाथरावांनी मला गजातून काढलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी

त्याच्या नडगीवर. एकदाच. तो आवाज हाडाचा नव्हता, माझा होता, मी चिरले, पण

तो ओरडला नाही. त्याने माझं टोक दोन्ही हातांत धरलं आणि गालाशी

मित्रांनो, या पेरातलं मला एवढंच आठवतं.

पेर पाचवे

त्या दुपारी जगन्नाथराव माझ्या शेजारी फरशीवर बसले होते.

"टी. नरसीपूरच्या बाजूला एक जागा आहे म्हणे," ते म्हणाले. "असल्या मुलांना ठेवून घेतात. चेन्नागी, नीट बघतात. मी फॉर्म भरणार आहे."

"आपल्याला होत नाही म्हणून?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"मी सदुसष्टचा झालो. तू हात मोडून बसलीस. उद्या तो अंगावर आला तर त्याला धरणार कोण?"

"धरायचं कशाला? तो काय पळून चाललाय?"

"नर्मदा, मी त्याला मारलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "कळतंय का तुला? मी मारलं. पुन्हा मारीन मी. ते व्हायच्या आत त्याला इथनं जाऊ दे."

फॉर्म गेला. उत्तर आलं: सहा आठवड्यांनी, सोमवारी घेऊन या. त्याच्या आदल्या शनिवारी जगन्नाथरावांच्या आईचं श्राद्ध येत होतं. श्राद्ध करायचं आणि मग मुलाला सोडायचं, असं ठरलं.

नर्मदाबाईंचं प्लास्टर बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र एक नाव दिलं होतं. ती स्पृहा.

पेर सहावे, ज्यात एक वही आहे

स्पृहा नाशिककडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आलेली. ज्यांचं वागणं घरच्यांना आवरत नाही अशा माणसांच्या घरी जायचं, ते तसं का वागतात हे शोधायचं आणि त्यांना दुसरी वाट शिकवायची, हे तिचं काम.

"तुमचं मराठी फार स्पीडनं जातंय हो," जगन्नाथराव म्हणाले.

"हळू बोलते काका. काकू, तो चावतो त्याच्या आधी काय होतं?"

"आधी? आधी काही नाही. सुम्ने."

"बरं. मग मी नुसती बसते. मला चहासुद्धा विचारू नका."

ती सहा सकाळी येऊन बसली, दाराला लागून असलेल्या माझ्या कोपऱ्यात. तिच्या वहीत काय लिहिलं जातंय ते मला वरून दिसायचं.

*सोमवार, ७.१०. आधी: काकू न्हाऊन आल्या. त्याने हात पुढे केला. काकू म्हणाल्या, मुट्टबेडा. काठी आडवी लावली. त्याने: मनगट चावलं. मग: काकू काठीखालून बाहेर आल्या, त्याला नऊ मिनिटं जवळ घेतलं.*

*मंगळवार, ७.१५. आधी: तेच. त्याने: चावलं, दोनदा डोकं आपटलं. मग: जवळ घेतलं. अकरा मिनिटं. पुन्हा आंघोळ.*

*बुधवार. तेच.*

*गुरुवार. तेच. काका ओरडले. काही फरक नाही.*

*शुक्रवार. तेच. माझ्याकडेही हात केला होता. मी लिहीत होते. चुकलं.*

*शनिवार. काकूंना ताप. पूजा काकांनी केली. काकू सोफ्यावर, तो त्यांच्या पायाशी टेकून. काही झालं नाही. गुणगुणत होता.*

स्पृहाने वही दोघांपुढे ठेवली. जगन्नाथरावांनी चष्मा लावून वाचली. नर्मदाबाईंनी वाचली नाही. त्या म्हणाल्या, "सांग तूच."

"काकू, रागवू नका. हात पुढे केला की आई मिळत नाही. हात चावला की मिळते. एकोणीस वर्षं तो हेच शिकलाय. तो हुशार आहे, नीट शिकलाय."

वरच्या लुगड्यातून एक थेंब वहीवर पडला.

"म्हणजे माझ्या मडीमुळं," नर्मदाबाई म्हणाल्या. "माझ्या देवामुळं माझं लेकरू—"

"तुम्ही मडी सोडा असं मी म्हणणार नाही. हे घर तुमचं आहे. पण त्यालाच सकाळी न्हाऊ घालून मडीचं नेसवलं तर? मग तो शिवलेला चालेल ना?"

जगन्नाथराव एकदम हसले. त्या महिन्यातलं पहिलं हसू. "केलं होतं की ते! दोन दिवस. पंचा खिडकीबाहेर टाकला आणि तसाच जाऊन दूधवाल्याला मिठी मारली. दूधवाला अजून गेटाबाहेरनंच हाक मारतो."

पेर सातवे

मग त्या घरात हळूहळू बदल झाले. मोठं काही नाही.

पहिलं म्हणजे मला दारातून काढलं. स्पृहा म्हणाली, "हिचं काम वर आहे." माझा तिच्यावर तेव्हाच जीव जडला.

आंघोळीच्या आधी, अजून मडी नसताना, नर्मदाबाई दहा मिनिटं प्रणेशजवळ बसू लागल्या. खोबरेल तेल घेऊन त्याचे हात कोपरापर्यंत दाबून चोळायच्या. जगन्नाथरावांनी मोबाइलवर चार फोटो काढून मोठे करून आणले: तेल, आंघोळ, देव, आणि मोकळे हात पसरून उभी असलेली अम्मा. ते भिंतीवर ओळीने लावले. एक गोष्ट संपली की प्रणेश तो फोटो उलटा करायचा. आई कुठे गेली आणि कधी परत येणार, हे त्याला आता भिंतीवर दिसत होतं.

आणि दुपारी, जेव्हा सगळ्यांना सगळं शिवता येतं, तेव्हा शिकवणी चाले. तळहात वर करून पुढे धरायचा. धरला की लगेच समोरच्याने तो घट्ट धरायचा, दाबायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा. पूजेच्या वेळी ते काम जगन्नाथरावांकडे. चावायला गेलाच तर रागवायचं नाही. मध्ये उशी धरायची आणि शांतपणे आपला तळहात दाखवायचा.

पहिल्या आठवड्यात चावणं वाढलं.

"हे तुमचं शास्त्र!" जगन्नाथराव म्हणाले.

"काका, लिफ्टचं बटण चालेनासं झालं की तुम्ही काय करता?"

"जोरात दाबतो."

"एकदा?"

"...चार-पाचदा."

"तोही तेच करतोय. जुनं बटण बंद झालंय. नवं बटण चालतं, ही खात्री पटू द्या त्याला."

तिसऱ्या आठवड्यात मनगटावरच्या जखमेला खपली धरली. पाचव्यात खपली पडली. पण सकाळचा हात नेहमी बापाच्याच हातात जायचा. स्पृहा एकदा नर्मदाबाईंना म्हणाली, "कधी ना कधी तो हात तुमच्याकडे येईल. तुम्ही मडीत असाल. काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त एवढं सांगते, मागितलेलं वाया गेलं तर तो परत जुन्याकडे जाईल."

नर्मदाबाईंनी मान हलवली. त्या रोज मला उचलत, लुगडं पसरत, आणि खाली ठेवताना चिरेवरून बोट फिरवत.

सोमवारची तारीख तशीच होती. हॉलमध्ये एक निळी बॅग भरून ठेवली होती.

पेर आठवे

श्राद्धाच्या दिवशी मडी सगळ्यात कडक. नर्मदाबाई पहाटे उठल्या. स्वयंपाक फार होता, हात अजून पुरता वळत नव्हता, आणि त्या गडबडीत तेल राहून गेलं. घर धुताना भिंतीवरचे फोटोही उतरवले होते. ते कुणी पुन्हा लावले नाहीत.

साडेदहाला घरचे पुरोहित वेंकोबाचार आले. नर्मदाबाईंच्या हाताला प्लास्टर असताना ते मडीत चालेल का, असा प्रश्न पडला होता. तेव्हा याच माणसाने, "अम्मा, देवाला हाडं जुळलेली आवडतात," असा निकाल दिला होता. जगन्नाथराव पाटावर बसले, बोटात दर्भ. आता त्यांना उठता येणार नव्हतं.

प्रणेश बसल्या जागेवरून उठला. भिंतीपाशी गेला. फोटोंची जागा हाताने चाचपली. भिंत रिकामी होती.

त्याची गुणगुण थांबली.

तो बापाकडे आला. मंत्र चालू होते. जगन्नाथरावांनी डोळ्यांनी "थांब" म्हटलं. तो स्वयंपाकघराच्या दारात आला. दारात आता मी आडवी नव्हते. तरी तो उंबऱ्यावरच थांबला.

नर्मदाबाई कढईत वडे सोडत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं.

प्रणेशचा उजवा हात वर आला. तोंडाकडे गेला. दात मनगटाला लागले. मी कोपऱ्यातून पाहत होते आणि माझ्या चिरेतून वारा शिरत होता. मग, मित्रांनो, तो हात तोंडापासून दूर झाला. हळू. खूप खोल पाण्यातून वर यावा तसा. त्याने तो उलटा केला आणि तळहात आईपुढे धरला.

त्याने तो खाली केला नाही.

"मुट्ट—" सवयीने नर्मदाबाईंच्या ओठांवर आलं. आत मंत्र थांबले होते. जगन्नाथराव दर्भाचा हात तसाच धरून वाकून बघत होते. हे त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. तिच्यासाठीच पहाटेपासून हा स्वयंपाक चालला होता.

नर्मदाबाईंनी झारा ठेवला. हात पदराला पुसले. आणि प्रणेशचा तळहात दोन्ही हातांत घेऊन असा दाबला की मोडलेल्या हाताची कळ त्यांच्या तोंडावर दिसली. सोडला नाही. त्याने कपाळ त्यांच्या खांद्याला लावलं. एक मिनिट झालं. दोन झाली. मग तोच बाजूला झाला, जाऊन भिंतीला टेकून बसला आणि गुणगुणू लागला.

इतकंच हवं होतं त्याला. दोन मिनिटं.

नर्मदाबाई दारातूनच म्हणाल्या, "आचार, मी शिवले त्याला. आता सांगा. हा स्वयंपाक टाकायचा का?"

वेंकोबांनी पंचांग उघडलं. त्यात असलं काही लिहिलेलं नसतं हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ते मिटलं.

"अम्मा," ते म्हणाले, "वडे जळताहेत. आधी ते बघा."

"पण—"

"पण काय? त्याची अज्जीच येणार ना जेवायला? नातवाला आईनं जवळ घेतलं म्हणून रुसून उठून जाणार ती? बेगा बेगा वाढा, लवकर. मला अजून दोन घरं आहेत."

जगन्नाथरावांनी खाली मान घालून पिंडावर तांब्यातलं तीळपाणी सोडलं, आणि ते जरा जास्तच सांडलं.

पानं उठली. वेंकोबा स्कूटरवरून गेले. मग हॉलमधून जगन्नाथरावांचा फोनवरचा आवाज आला.

"हलो. हौदु, हो, प्रणेशचे वडील बोलतोय... नाही, सोमवारी येत नाही... नाही नाही, पुढच्या सोमवारीही नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. थांबले असतील बिचारे." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "त्रास? आहे की. होईल अजून. पण तो मागतो आता. मागतो म्हटल्यावर कसं पाठवू?"

फोन ठेवून ते आत आले आणि प्रणेशच्या शेजारी फरशीवर बसले. त्यांनी हात पुढे केला नाही. प्रणेशनेच केला.

शेवटचे पेर

मित्रांनो, सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. कालच प्रणेशने मनगट चावलं. पाणी गेलं होतं, आंघोळ लांबली आणि फोटोंची ओळ चुकली. स्पृहा आता महिन्यातून एकदा येते. वहीच्या 'आधी'च्या रकान्यात हल्ली नर्मदाबाई स्वतः लिहितात, आणि 'सुम्ने' हा शब्द तिथे कधी नसतो. मडी अजून आहे. ती एखाद्या दिवशी दोन मिनिटं थांबते आणि पुन्हा सुरू होते.

माझ्या चिरेला जगन्नाथरावांनी तांब्याची तार गुंडाळली आहे. जड लुगडं उचललं की मी अजून करकरते. ती चीर जाणार नाही. जाऊ नये.

माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी स्वतःला चावत असेल, वस्तू फेकत असेल, ओरडत असेल, तर त्याला आवरायला धावण्याआधी क्षणभर मागे जाऊन बघा. त्याने आधी काय मागितलं होतं? ते कुणी ऐकलं का? ज्याच्याजवळ शब्द नाहीत, त्याला मागायची एक सोपी रीत शिकवा. आणि त्याने त्या रीतीने मागितलं की, हातात कितीही मोठं काम असो, ते खाली ठेवा.

काठ्या उभ्याच राहू द्या.